केरीच्या सड्यावर नवशिक्यांचं हसं कुठे होतं

पॅराग्लायडिंग शिकणाऱ्याचं हसं सहसा आकाशात होत नाही. ते सड्यावर, म्हणजे उड्डाण घेण्याच्या खडकाळ पठारावर होतं, दोन्ही पाय जमिनीवर असताना आणि मोबाईल उगारून उभ्या पर्यटकांसमोर. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात हरमल आणि केरी यांच्यामधला जांभ्याचा सडा समुद्राकडे तोंड करून आहे आणि तुळशीच्या लग्नापासून शिगम्यापर्यंत दुपारचा वारा इथे भरवशाचा असतो. तरीही अगदी पहिलं उड्डाण इथे करू नये. कामशेतसारख्या ठिकाणी बुटक्या उतारावर पाया पक्का करून मगच पेडण्याची वाट धरावी.

पहिली फजिती विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, उघडण्याआधीच होते. वजन विचारलं की लोक घरच्या काट्यावरचा आकडा सांगतात, 68 किलो. विंगवर छापलेली वजनमर्यादा मात्र बहुधा सगळ्या सामानासकट असते: विंग, हार्नेस (बसायची पट्ट्यांची खोळ), रिझर्व्ह (संकटकाळचं पॅराशूट), हेल्मेट, बूट. शिकाऊ सामानच 12 ते 15 किलो भरतं. म्हणजे सांगायचं 82. कमी वजनाच्या माणसासाठीची लहान विंग घेतली तर ती वेगाने जाते, वेगाने उतरते आणि चूक कमी पोटात घालते.

दुसरी फजिती हार्नेस उचलताना. बाजूला किंवा मागे एक छान, हाताला येणारी मूठ दिसते. ती रिझर्व्ह उघडायची मूठ असते. बॅगेचा पट्टा समजून ती धरून उचललं की रिझर्व्ह पॅराशूट पायाशी येऊन पडतं. ते परत घडी घालणं जाणकाराचं काम आहे, म्हणजे तो दिवस गेला. हार्नेस खांद्याच्या पट्ट्यांनीच उचला आणि रिझर्व्हची पिन जागेवर आहे का, हे दर वेळी बघा.

सकाळी सातला सड्यावर हजर होणारेही हमखास फसतात. शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पाठीमागून येतो आणि टेक-ऑफला तर समोरचा वारा लागतो. जमीन तापून खारा वारा भरायला दुपार व्हावी लागते. वाऱ्याचा अंदाज समुद्रच देतो. पाण्यावर जागोजागी पांढरे फेस फुटायला लागले की वारा ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेला असं धरा. नवशिक्याने विंग पिशवीतच ठेवावी. कड्यावर वारा दबून आणखी जोर धरतो. शिकाऊ विंगचा नेहमीचा वेग ताशी 36-38 किलोमीटरच असतो. समोरचा वारा तेवढाच झाला तर तुम्ही हवेत जागच्या जागी लटकता, आणि त्याहून वाढला तर मागे, सड्याच्या पाठच्या भोवऱ्यात जाता. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आता खरा तमाशा: फरफट. 25 चौरस मीटरची विंग पूर्ण भरून मागे उभी राहिली, तर 20 किलोमीटरच्या वाऱ्यात ती साधारण 45 किलोच्या जोराने ओढते. वारा 28 झाला की हा जोर दुप्पट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. माणूस घाबरून बसकण मारतो, टाचा रोवतो आणि दोन्ही ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्या, ओढून धरतो. नेमकं हेच करायचं नसतं. अशा वेळी ब्रेकमुळे विंग आणखी फुगते, आणि जांभ्यावरून पार्श्वभाग घासत जातो. करायचं काय? विंगच्या दिशेने धावत सुटायचं, म्हणजे दोऱ्या ढिल्या पडतात. त्याच वेळी सर्वांत मागचे रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) दोन्ही हातांनी खाली खेचायचे. तेवढ्याने भागलं नाही तर एकाच बाजूचा ब्रेक, विहिरीचा दोर ओढावा तसा हातावर हात टाकत ओढत राहायचा. हे डोक्याने आठवायला वेळ मिळत नाही, हातांना सवय लागते. ती लावायची जागा म्हणजे संध्याकाळी वारा उतरल्यावरचा मऊ वाळूचा किनारा.

रिव्हर्स लाँचमध्ये, म्हणजे उलटं उभं राहून विंग उचलताना, तोंड विंगकडे असतं, त्यामुळे डावं-उजवं उलटतं. डाव्या हाताला दिसणारी बाजू उजव्या ब्रेकने हलते. विंग एका बाजूला कलली की नवशिका तिला उलट दिशेला ओढायला जातो. तसं न करता ती जिकडे कलते तिकडेच पाय टाका आणि वर राहिलेल्या टोकाचा ब्रेक हलका ओढा. विंग डोक्यावर स्थिर झाल्यावर वळताना चुकीच्या बाजूने वळलात, तर रायझरना पूर्ण एक पीळ बसतो आणि ब्रेक अडकतात. म्हणून वळायची बाजू एकच ठरवा आणि हार्नेसला विंग अडकवण्याआधी ती मोठ्याने बोला. कोणी हसलं तर हसू दे. मांड्यांचे पट्टे मात्र सगळ्यात आधी लावा, शेवटी सोडा. पाय जमिनीवरून सुटल्यावर लगेच हार्नेसमध्ये बसायची घाईही नको. पळत राहा, नाहीतर कड्यावरच बसकण.

हवेत नियम एकच ध्यानात ठेवा: डोंगर ज्याच्या उजवीकडे, त्याला आधी वाट. म्हणजे इथे तेरेखोलकडे जाणाऱ्याचा हक्क; हरमलकडे जाणाऱ्याने समुद्राच्या बाजूला सरकायचं. वळायचं नेहमी डोंगरापासून बाहेर.

उतरताना पाच मीटरवरच ब्रेक पूर्ण ओढणारे धपकन पडतात. नजर लांब ठेवा, पाय जमिनीपासून हातभर राहिले की ओढा, आणि दोन पावलं पळा. भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते आणि तोंड तर समुद्राकडे असतं, त्यामुळे उशिरा वळलेला थेट लाटेत. लाट दोऱ्या गुंडाळून पायाला बांधते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढायची चालू असेल तर त्या पट्ट्यापासून लांबच उतरा. जाळ्यात अडकलेल्या पॅराग्लायडरला रापणकारांकडून जे ऐकावं लागतं ते छापण्यासारखं नसतं.

विंग ओली झालीच तर गोड्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि सावलीत वाळवा. टोकाच्या कप्प्यांत साठलेली वाळू झटकायची विसरू नका, ती कापडाचा लेप घासून काढते.