वीस हजारात ब्रिज कॅमेरा घेताय? मी केलेल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी पक्षी बघायला पुण्याजवळच्या कवडीपाटला गेलात आणि गळ्यात कॅमेरा असेल तर कोणीतरी येऊन विचारणारच, "किती एक्स झूम आहे हो?" मी पण हेच विचारत फिरायचो, आणि त्या एका आकड्यावर भाळून पहिला ब्रिज कॅमेरा (लांब झूमची, न निघणारी लेन्स असलेला) घेतला. बॉक्सवर मोठ्ठं ६०एक्स, बजेट वीस हजार, घरी सांगितलेलं पंधरा. वर्षभरात विकून मोकळा झालो. कॅमेरा वाईट नव्हता, मीच चुकीचं बघून घेतला होता.

एक्स हा नुसता भागाकार आहे. लेन्सचं लांबचं टोक भागिले रुंद टोक, बास. पॅनासॉनिकचा एफझेड८० हा ६०एक्स आहे, म्हणजे २० ते १२०० एमएम. कॅननचा एसएक्स५४० हा ५०एक्स, म्हणजे २४ ते १२००. आता सांगा, पलीकडच्या काठावरचा चक्रवाक कोणात मोठा दिसेल? दोघांत सारखाच! जास्तीचे दहा एक्स गेले रुंद बाजूला, तिथे तुम्ही अख्खा शनिवारवाड्याचा दरवाजा फ्रेममध्ये बसवाल, पक्षी नाही. म्हणून बॉक्सवर एक्स वाचू नका, ३५ एमएम इक्विव्हॅलंट फोकल लेन्थ वाचा (लेन्स लांबचं किती जवळ आणते ते सांगणारा एमएममधला आकडा, सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच मापाने). पक्ष्यांसाठी ६०० पासून मजा सुरू होते, १२०० म्हणजे भरपूर. निकॉनचा पी९०० थेट २००० पर्यंत जातो आणि पी१००० तर ३००० पर्यंत, पण तो जवळजवळ १४०० ग्रॅमचा धोंडा आहे आणि आपल्या बजेटात नाहीच, त्यामुळे विषय सोडा. आणि "डिजिटल झूमसकट १२०एक्स" वगैरे दिसलं तर हसून पुढे जा, ते घरी कॉम्प्युटरवर क्रॉप करण्यासारखंच आहे. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा, पहिल्याच दिवशी.

खरी चूक पुढची. डिसेंबरात सकाळी सात-सव्वासातला, पाण्यावर धुकं, आणि समोरच्या बांबूवर खंड्या येऊन बसला, चोचीत मासा. मी फुल झूम मारला, श्वास रोखला, खटाखट वीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर वीसही फोटोत निळा फराटा, जणू कोणी ओल्या चित्रावरून बोट फिरवलंय. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं, बघितला तर १/६० सेकंद. १२०० एमएमला हातात धरून काढायचं तर साधारण १/१२०० लागतो असा जुना ठोकताळा आहे. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर बरीच सांभाळतं, पण खंड्या मान हलवतो त्याचं ते काय करणार? प्रकाश नव्हता म्हणून कॅमेऱ्याने शटर सावकाश केला, आणि प्रकाश नव्हता कारण फुल झूमला लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक, बारीक होतं. स्वस्त ब्रिजमध्ये "एफ २.८" असं ठळक लिहितात ना, ते बहुतेक वेळा फक्त रुंद टोकाचं असतं, झूम करत गेलात की ते ६ ते ६.५ च्या आसपास येतं (आकडा मोठा म्हणजे भोक लहान), म्हणजे प्रकाश पाचपट कमी. दुसरा आकडा वाचायचा असतो, पहिला नाही! पॅनासॉनिकचे एफझेड२०० आणि एफझेड३०० इथे वेगळे पडतात, त्यांचं २.८ हे २५ पासून ६०० एमएमपर्यंत तसंच राहतं. झूम फक्त २४एक्स, म्हणून कवडीपाटला कोणी विचारत नाही, पण सकाळच्या उजेडात फोटो देतात.

सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, पण थोडं ऐका. या बजेटातल्या जवळपास सगळ्या ब्रिजमध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. १६ मेगापिक्सेल की २० यावर दुकानात डोकं फोडण्यात अर्थ नाही. एक इंची सेन्सर (जो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, नावावर जाऊ नका) क्षेत्रफळात चौपट मोठा, पण एफझेड१००० सारखा कॅमेरा बजेटात बसवायचा तर सेकंडहँडच शोधावा लागेल. लहान सेन्सर असेल तर ऑटो आयएसओची (अंधारात कॅमेरा प्रकाश किती वाढवून दाखवतो त्याची) मर्यादा ८०० वर ठेवा, फार तर १६००, त्याच्या वर पिसांचा शिरा होतो. आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) हवं असेल तर आधी तपासा, पी९०० मध्ये नाही, सोनीच्या एचएक्स४००व्ही मध्ये नाही, कॅननच्या एसएक्स७० मध्ये आहे.

व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची ती खिडकी! यावरून मी स्वतःला अजून शिव्या घालतो. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याला तो नव्हताच, "आता स्क्रीनवरच बघतात सगळे" असं दुकानातल्या पोराने सांगितलं आणि मला पटलं. साडेनऊला ऊन पाठीवर आलं की स्क्रीनमध्ये मला फक्त माझी टोपी आणि माझाच वैतागलेला चेहरा दिसायचा. शिवाय हात लांब करून कॅमेरा धरला की १२०० एमएमला सगळं जग डुलतं, डोळ्याला टेकवला की कपाळाचा आधार मिळतो. निकॉनचा बी५०० आणि बी६००, कॅननचा एसएक्स५४०, यांत व्ह्यूफाइंडर नाही. पक्षी काढायचे असतील तर पैसे वाचवायची ही जागा नाही.

फोटो मऊ, म्हणजे धूसर येतायत म्हणून लगेच कॅमेरा विकायला काढू नका, ही पण चूकच. मार्च-एप्रिलमध्ये भिगवणला अकरा वाजता पाण्यावरून लांबचे रोहित (फ्लेमिंगो) काढाल तर मधली तापलेली हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स पण तिथे काही करू शकत नाही, लवकर जा किंवा जवळ जा, नावेतून. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढून एकदा बघा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा. आणि पक्षी सापडतच नसेल तर आधी रुंद ठेवून शोधा, मग झूम करा. काही निकॉन आणि कॅनन मॉडेलमध्ये यासाठी लेन्सच्या बाजूला बटण असतं, दाबलं की झूम मागे येतो, सोडलं की परत जातो. मला ते बटण सहा महिन्यांनी कळलं.

सेकंडहँड घ्यायचा तर पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या बाजारात घ्या नाहीतर कोणाच्या घरी जाऊन, पण मोबाईलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून आत बघा. पुण्यातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. लेन्स निघत नसल्यामुळे ती साफ करणं म्हणजे अख्खा कॅमेरा खोलणं. मग झूम पूर्ण आत-बाहेर पाच-सहा वेळा करा, करकर आवाज किंवा अडकणं नको, ॲपर्चर बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. स्वतःचं मेमरी कार्ड न्या, रस्त्यापलीकडची पाटी रुंद, मध्ये आणि फुल झूमला काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या. (दमटपणा जावा म्हणून कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला आमच्या आईचा, तो मानू नका, तांदळाची भुकटी लेन्सच्या नळीतून आत जाते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेत.)

मी शेवटी सदाशिव पेठेतल्या एका काकांकडून जुना एफझेड२०० घेतला, वरच्या सगळ्या तपासण्या करून, काका चहा देईपर्यंत मी त्यांच्या गॅलरीतून समोरच्या दवाखान्याची पाटी तीनदा काढली. त्यांनी एक जास्तीची बॅटरी पण दिली, फुकट, मी खुश. घरी येऊन घालतो तर बसेना. फुगली होती. बॅटरी तेवढी बघायची राहिली.