सत्तावीस संघ, सोळा जागा: नॉकआऊट कपाची पात्रता फेरी कशी आखायची

आमच्या नाशिकच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या वर्षी मी सगळ्या संघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या. डबा घरचा, पोह्यांचा. पहिलीच टाय, म्हणजे सामन्याची जोडी, निघाली ती नाशिकरोडच्या एका मुरलेल्या संघाची, आणि समोर भगूरची पोरं, ज्यांनी जेमतेम महिन्यापूर्वी बूट घेतले होते. १४-०. सामना संपल्यावर ती पोरं गुपचूप टेम्पोत बसून गेली, आणि पुढच्या वर्षी त्यांचा फॉर्म आलाच नाही. यात पोरांची चूक नव्हती, रेफ्रीचीही नव्हती. माझ्या डब्याची होती.

मी स्वतः फुटबॉल कधी खेळले नाही. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब लिहिते. मुलगा खेळायचा म्हणून स्कोअरच्या टेबलावर बसायला लागले. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, मी टेबलावरच राहिले. आता आमच्या स्पर्धेच्या टाय मीच पाडते. ‘काकू, यंदा आम्हाला बाय द्या ना’ म्हणत निम्मी पोरं मला चहा पाजायला बघतात. (बाय म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत. चहा प्यावा, बाय देऊ नये.) ज्यांना आपल्या तालुक्यात किंवा शहरात अशी स्पर्धा भरवायची आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते. पद्धत मुळात इंग्लंडच्या एफए कप या नॉकआऊट स्पर्धेची. मी ती नाशिकच्या मापाला कापून घेतली.

तो कप १८७१-७२ साली सुरू झाला, तेव्हा नावं आली होती 15 क्लबांची. पुढे गर्दी वाढली. १८८७ च्या ऑक्टोबरात प्रेस्टनने हाइडला २६-० असं धुतलं. माझे चौदा त्यापुढे काहीच नाहीत! १८८८-८९ पासून तिथे पात्रता फेऱ्या आल्या. आपल्याकडे सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला, तोही १८८८ मध्येच. आता एफए कपात दरवर्षी सातशेच्या वर क्लब नाव देतात, २०११-१२ मध्ये तर ७६३ होते. मग हे सगळं मावतं कसं? पहिल्या मुख्य फेरीच्या आधी सहा पायऱ्या असतात: एक्स्ट्रा प्रिलिमिनरी, प्रिलिमिनरी आणि चार पात्रता फेऱ्या. अगदी गावपातळीचे क्लब ऑगस्टमध्येच सुरुवात करतात आणि थोडे वरचे क्लब मधल्या पायऱ्यांवर येऊन मिसळतात. पाचव्या स्तरावरची नॅशनल लीग चौथ्या पात्रता फेरीत उतरते. तिथून ३२ विजेते निघतात, त्यांना तिसऱ्या-चौथ्या स्तरावरच्या लीग वन आणि लीग टू चे ४८ क्लब मिळाले की झाले ८०. दोन फेऱ्यांनंतर उरतात २०, आणि मग वरच्या दोन स्तरांचे, म्हणजे प्रीमियर लीग व चॅम्पियनशिपचे, ४४ येतात. झाले ६४. तिथून शेवटपर्यंत सरळ निम्मे, निम्मे, निम्मे. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा ताळेबंद जुळल्याचं समाधान झालं.

यातली किल्ली ही, की मोजणी मागून करायची. आधी मुख्य फेरी किती संघांची ते ठरवा: आठ, सोळा किंवा बत्तीस. आमची सोळाची. मागच्या वर्षी फॉर्म आले सत्तावीस. त्यातले आठ थेट मुख्य फेरीत, म्हणजे आठ जागा उरल्या आणि संघ उरले एकोणीस. आठ जागांसाठी दुसऱ्या पात्रता फेरीत सोळा संघ हवेत. एकोणीसमधून सोळा करायचे तर तीन संघ गळायला हवेत, म्हणजे पहिल्या पात्रता फेरीत तीन सामने, सहा संघ. बाकीचे तेरा दुसऱ्या फेरीपासून खेळतील. एकूण सामने मोजताना घोळ होत असेल तर एक सोपी खूण: नॉकआऊटमध्ये प्रत्येक सामना एकच संघ घरी पाठवतो, म्हणून सत्तावीस संघांना सव्वीस सामने. आमचे तीन, आठ, आठ, चार, दोन, एक. बेरीज करून बघा. रेफ्रींचं मानधन, बॉल आणि पाण्याचे जार याच आकड्यावर ठरतात, तेव्हा तो आधी काढा.

बाय द्यायची ती इथेच, सुरुवातीला. मी बघितलेल्या एका स्पर्धेत तेरा संघ होते. पहिल्या फेरीत एकाला बाय, पुन्हा सात उरले म्हणून दुसऱ्या फेरीत परत एकाला. ती दोन्ही वेळा एकाच संघाच्या पदरात पडली आणि तो एक सामना जिंकून फायनलला गेला. लोक अजून हसतात.

थेट मुख्य फेरीत कोण, यावर भांडणं ठरलेली. ‘आम्ही जुने’, ‘आमच्याकडे दोघं राज्याच्या संघात खेळलेत’, ‘आमचे साहेब प्रमुख पाहुणे आहेत’. मी एकच निकष ठेवलाय: मागच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पोचलेले आठ संघ. नाव, वय, ओळख काही नाही. पहिल्या पात्रता फेरीतले सहाही तसेच, पहिल्यांदा नाव देणारे आधी आणि जागा उरल्या तर मागच्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरलेले. पहिलंच वर्ष असेल आणि मागचा निकालच नसेल, तर संघांनाच विचारा की तुम्ही कुठून सुरू कराल. गंमत म्हणजे बरेच जण खरं सांगतात.

पात्रता फेऱ्यांचे लॉट्स विभागवार पाडा. इंग्लंडमध्येही या फेऱ्या प्रदेशानुसारच असतात, कारण छोट्या क्लबाला प्रवासच मारतो. मालेगाव आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. तिथल्या संघाला रविवारी सकाळी आठला सातपूरला बोलावणं म्हणजे वॉकओव्हरला आमंत्रण. मी दुसऱ्या फेरीला तीन डबे करते. मनमाड, मालेगाव, चांदवड एकात. इगतपुरी, घोटी, देवळाली, भगूर दुसऱ्यात, कारण इगतपुरीची पोरं सकाळची गाडी धरून देवळालीला उतरतात. आणि शहर तिसऱ्यात: सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड. प्रत्येक डब्यात संघ सम संख्येत हवेत, हे लॉट्सच्या आदल्या रात्री तपासा. माझ्याकडे एकदा शहरात नऊ आणि मनमाडकडे तीन निघाले, आणि सिन्नरकरांना फोन करकरून शहराच्या डब्यातून मनमाडच्या डब्यात जायला राजी करता करता रात्रीचे अकरा वाजले.

तारखांच्या बाबतीत मात्र इंग्लंडची नक्कल करू नका. ऑगस्टमध्ये आपल्याकडची काळी माती बूट अशी धरते की पोरगं पुढे जातं आणि बूट मागे राहतो. आमचं वेळापत्रक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतं. सहा फेऱ्यांचे सहा रविवार, दोन राखीव. जानेवारीच्या मध्याला संपलंच पाहिजे, कारण पुढे माझी द्राक्षं आणि पोरांची दहावी-बारावी. सामना तीस-तीस मिनिटांचा, मध्ये दहा मिनिटं, पण वेळ धरायची दीड तासाची. आठ, साडेनऊ, अकरा, साडेबारा. एका मैदानावर चारच सामने. पाचवा घुसवला की शेवटचे दोन संघ उन्हात आणि तुमच्यावर, दोन्हीकडून तापतात.

मैदान म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर गोल्फ क्लबचं अनंत कान्हेरे मैदान येतं. तिथे क्रिकेट, अगदी रणजीसुद्धा. त्याच्या भरवशावर राहू नका. शाळा-कॉलेजची मैदानं बघा आणि लेखी परवानगी घ्या. लेखी परवानगी घेतली तरी शनिवारी संध्याकाळी स्वतः जाऊन बघा. एकदा आमच्या हातात सही-शिक्क्याचा कागद होता आणि मैदानात लग्नाचा मांडव. गोलपोस्टला झेंडूच्या माळा!

आता खेळाडूंची यादी. सगळ्यात जास्त लबाडी इथेच होते. नियम सोपा ठेवा: वीस नावं, पहिल्या सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी रात्री आठला यादी बंद. जो एका संघाकडून खेळला, तो त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही संघाकडून नाही. एफए कपातही बरीच वर्षं असंच होतं. आधार कार्ड मूळ बघायचं, फोटो आणि चेहरा ताडायचा, परत द्यायचं. झेरॉक्स गोळा करून ठेवू नका, दुसऱ्याच्या पोरांचे कागद सांभाळायची जोखीम कशाला? त्यापेक्षा प्रत्येक संघाचा एक ग्रुप फोटो सामन्याआधी टेबलापाशी काढा. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा पहिल्या फेरीत एका संघाकडून हरला आणि दुसऱ्या फेरीत केस कापून, दुसऱ्याच नावाने दुसऱ्या संघात आला. कॉर्नर घेण्याआधी दोनदा मोजे वर ओढायची त्याची सवय माझ्या लक्षात होती. मी आदला फोटो काढून रेफ्रीपुढे ठेवला. संघ बाद, समोरचा पुढे. पोरगा नंतर येऊन पाया पडला. मी त्याला पाणी दिलं, यादीत नाव नाही दिलं.

वॉकओव्हरसाठी अनामत घ्या. आमची हजार रुपये, संघ सगळे सामने खेळला की परत. पंधरा मिनिटं थांबायचं. खेळाच्या नियमाप्रमाणे सातपेक्षा कमी खेळाडूंवर सामना होत नाही, पण सात असतील तर होतो, आणि होऊ द्यावा. तक्रार असेल तर सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, लेखी, पाचशे रुपयांसह. पाचशेची नोट काढायची म्हटलं की निम्म्या तक्रारी तिथेच विरतात.

बरोबरी झाली तर? १९७१ मध्ये एफए कपाच्या चौथ्या पात्रता फेरीत अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांची टाय सुटेचना. सहा सामने, मिळून अकरा तास, आणि शेवटी अल्वचर्च १-०. आता मुख्य फेऱ्यांतून पुन्हा सामना खेळवायची पद्धत २०२४-२५ पासून बंद झाली. लहान क्लबांना ते झोंबलं, कारण मोठ्या क्लबाच्या मैदानावर दुसरा सामना म्हणजे तिकिटांचे पैसे. २०२५ च्या जानेवारीत पाचव्या स्तरावरच्या टॅमवर्थने लंडनच्या टॉटनहॅमला नव्वद मिनिटं ०-० रोखलं. पूर्वी एवढ्यावर त्यांना लंडनचा सामना मिळाला असता, आता जादा वेळेत तीन गोल खाल्ले. आपल्याकडे तिकीट नाही, तेव्हा हा प्रश्नच नाही. आम्ही जादा वेळही ठेवत नाही, थेट टायब्रेकर, पाच-पाच पेनल्टी. एक गोष्ट मात्र रेफ्रीला आधी आठवण करून द्या: एका संघाचे नऊच उरले असतील तर दुसऱ्यानेही टायब्रेकरसाठी नऊच ठेवायचे. यावरून मी हाणामारी बघितलीय.

मुख्य फेरीचे लॉट्स पात्रता फेरी संपल्यावरच पाडा, आणि इथे मात्र सोळाही संघ एकाच डब्यात. थेट आलेल्यांना एकमेकांपासून लांब ठेवा, असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. मी ऐकत नाही. लिव्हरपूलजवळचा मरीन हा आठव्या स्तरावरचा क्लब पात्रता फेऱ्या पार करत तिसऱ्या फेरीत आला आणि १० जानेवारी २०२१ ला त्याच्या घरच्या मैदानावर टॉटनहॅम खेळायला आलं. कोविडमुळे प्रेक्षक बंद, तर लोकांनी न येण्याचीच ३०,६९७ तिकिटं विकत घेतली. मरीन ०-५ हरलं. पण आधीच्या फेऱ्या जिंकून तिथवर आलं होतं, त्यामुळे तो पराभव त्यांनी मिरवला. माझ्या भगूरच्या पोरांना १४-० च्या आधी तेवढंच मिळायला हवं होतं.

चिठ्ठ्यांऐवजी आता मी पाण्याच्या बाटल्यांची बुचं वापरते, वर मार्करने नंबर. चिठ्ठी जाड घडीची होती, काकूंनी ओळखली, असले आरोप होत नाहीत. पहिलं बूच निघेल तो यजमान: फक्की, जाळी आणि पाणी त्याच्याकडे. काढलेलं बूच डब्यात परत न टाकता टेबलावर ओळीने मांडा. आणि सुरू करण्यापूर्वी सगळ्यांसमोर सोळा मोजा. गेल्या वर्षी अकरा नंबरचं टेबलाखाली घरंगळलं, आणि सगळे लॉट्स झाल्यावर इगतपुरीचा कॅप्टन उभा राहून विचारतोय, ‘काकू, आम्ही कुणाशी?’