अंड्यावरचा पेन्सिलीचा आकडा: घरी पिल्लं काढताना आणि जात ओळखताना

माझ्या इन्क्युबेटरशेजारी, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनशेजारी, कायम एक शंभर पानी वही असते. उबवायला ठेवायच्या प्रत्येक अंड्यावर मी शिसपेन्सिलीने आकडा घालते आणि वहीत त्या आकड्यापुढे लिहिते: कुठल्या कोंबडीचं, कधी घातलेलं, वजन किती. पिल्लं काढायला शिकायचंय म्हणणारे मला आधी मशीन कुठलं घेऊ असं विचारतात. मी त्यांना आधी वही घ्यायला सांगते. टोपलीत खेळणाऱ्या तीस पिल्लांमधलं कुठलं कोणाचं, हे चार दिवसांनी नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ज्याला जात सांभाळायची आहे त्याचं काम अंडं मशीनमध्ये जायच्या बरंच आधी सुरू होतं.

हे मला शिकायला एक अख्खी खेप खर्च करावी लागली. माझ्या पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबड्यांमध्ये वायनडॉट जातीचा रुपेरी कोंबडा फिरत होता. मला शुद्ध प्लायमाउथ रॉक हवी होती, म्हणून मी तो काढला, प्लायमाउथ रॉकचाच कोंबडा आत सोडला आणि आठ दिवसांनी अंडी गोळा करायला लागले. चोवीस अंडी ठेवली, सतरा पिल्लं निघाली. त्यातल्या पाच पिल्लांच्या डोक्यावर एकेरी तुऱ्याची बारीक रेघ नव्हती, चपटी रुंद खरबरीत पट्टी होती. तो वायनडॉटचा गुलाबी तुरा (रोज कोंब); नाव आकाराचं, रंगाचं नव्हे. त्या पाचांतल्या दोघांच्या डोक्यावर पट्टेरी जातीचा पांढरा ठिपकाही नव्हता. पट्टे देणारं जनुक आईकडून फक्त मुलग्यांना जातं, त्यामुळे बाप पट्टेरी नसेल तर माद्या बिनठिपक्याच्या निघतात. कोंबडी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, आणि एकदा नर लागला की पुढे दोन आठवडे, कधी जास्तही, फलित अंडी देऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता कोंबडा बदलला की मी चार आठवडे थांबते. तोवरची अंडी खाण्यासाठी.

अंडी निवडताना फार लांबट, फार गोल, पातळ कवचाची, खडबडीत, तडा गेलेली बाजूला काढा. पन्नास ते साठ ग्रॅमचं मध्यम अंडं सगळ्यात भरवशाचं. धुऊ नका. अंड्यावर नैसर्गिक संरक्षक थर असतो आणि कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. धुतलं की थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. शेण लागलेलं अंडं घासत बसण्यापेक्षा घरट्यातलं भुसकट रोज बदलावं. साठवायचं तर निमुळतं टोक खाली करून, पंधरा ते अठरा अंशांच्या गार जागी, जास्तीत जास्त सात दिवस. फ्रीज त्यासाठी फार थंड. लांबून प्रवास करून आलेली अंडी चोवीस तास उभी ठेवून मगच मशीनमध्ये घाला, हेलकाव्यांनी आतली हवेची पोकळी हललेली असते.

घरात खुडूक कोंबडी असेल तर मशीनची गरजच नाही. ती पिसं फुलवून बसते, हात नेला की घशातून खरखरते, आणि पोटाखालची पिसं उपटून उघड्या कातडीची ऊब अंड्यांना देते. दिवसातून एकदाच उठते, खाते, पिते, मोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा येऊन बसते. तिला तिच्या आकारानुसार आठ ते बारा अंडी द्या आणि बसवायच्या आधी पिसांत उवा, लिखा बघा. सिल्की आणि कोचीन जातीच्या कोंबड्या या कामाला जन्मल्यासारख्या असतात. लेगहॉर्न क्वचितच खुडूक होते, कारण पिढ्यान् पिढ्या अंड्यांसाठी निवड करताना तिच्यातली ही ओढच काढून टाकली गेली.

मशीनमध्ये पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वर जमते, म्हणून थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पातळीला ठेवून साधारण ३८.५. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. कोमट पाण्याच्या पेल्यात मशीनचा थर्मामीटर आणि तापाचा थर्मामीटर एकत्र बुडवा आणि किती फरक पडतो तो वहीत लिहा. अर्धा अंश सतत कमी राहिला तर पिल्लं एक-दोन दिवस उशिरा आणि अशक्त निघतात. जास्तीची उष्णता त्याहून वाईट, चाळीसच्या वर काही तासांत गर्भ मरतात. वीज गेली तर झाकण उघडू नका, वर घोंगडं टाका. अंडी ऊब बरीच टिकवतात.

अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा, आणि रोज तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा यासाठी की सगळ्यात लांबचा, म्हणजे रात्रीचा, पल्ला रोज वेगळ्या बाजूवर पडतो. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ वर तरंगून आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी निघतं, बटेर सतरा-अठराव्या, बदक आणि टर्की अठ्ठाविसाव्या, मस्कोव्ही बदक मात्र पस्तिसाव्या. एकाच मशीनमध्ये सरमिसळ करू नका, शेवटच्या दिवसांत प्रत्येकाला वेगळं वातावरण लागतं.

आर्द्रतेवरून लोक फार घाबरतात. पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, इतकं ढोबळ लक्षात ठेवा. खरा हिशेब वजनाचा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याने सुमारे बारा टक्के वजन पाण्याच्या रूपाने गमवायला हवं, म्हणजे साठ ग्रॅमचं अंडं त्रेपन्नच्या आसपास यायला हवं. छप्पन्नवरच अडकलं असेल तर मशीनमधलं पाणी कमी करा. हवेची पोकळी लहान राहिली तर पिल्लाला श्वासाला जागा उरत नाही.

सातव्या रात्री खोलीत पूर्ण अंधार करून अंड्याचं बोथट टोक टॉर्चवर टेकवा. हा क्षण मला अजूनही जुना होत नाही. आत एक काळा ठिपका, म्हणजे डोळा, आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. जरा थांबलात तर तो ठिपका हलतो. काहीच नाही, नुसता पिवळा उजेड, तर अंडं फलित नव्हतं. शिरांऐवजी एकच लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. अशी अंडी काढा, नाहीतर सडून फुटतात आणि सगळं मशीन खराब करतात. गडद कवचाच्या अंड्यांना दहाव्या दिवसापर्यंत मुदत द्या, उजेड नीट आत जात नाही. चौदाव्या दिवशी अंडं अर्ध्याहून जास्त काळं, अठराव्या दिवशी पोकळी सोडून सगळंच.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. त्याच दिवशी मी जाळीच्या छोट्या टोपल्या आत ठेवते आणि प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळ्या टोपलीत घालते. पिल्लू सुकलं की टोपलीच्या रंगाचं कडं पायात. पाय भराभर जाडावतो, म्हणून कडं दर आठवड्याला बघून बदलावं लागतं, नाहीतर कातडीत रुततं.

त्यानंतर झाकणाला हात लावायचा नाही. विसाव्या दिवसाच्या आसपास अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. पिल्लाने आतला पापुद्रा फोडून पोकळीतला पहिला श्वास घेतलेला असतो. मग बोथट टोकाजवळ चांदणीसारखा तडा पडतो, आणि त्यानंतर बारा ते चोवीस तास काहीच होत नाही. माझ्या दुसऱ्याच खेपेत मी सहा तास वाट बघून घाबरले आणि चिमट्याने कवच सोलायला लागले. पापुद्र्यातून लालभडक रक्त आलं. पिल्लाची फुप्फुसं नुकती कामाला लागली होती, शिरांमधलं रक्त अजून शरीरात परतलं नव्हतं, बलक नाभीतून पोटात ओढला गेला नव्हता. ते पिल्लू तासाभरात गेलं. त्या शांत तासांत पिल्लू अडकलेलं नसतं, काम करत असतं. शिवाय झाकण उघडलं की वाफ निघून जाते, पापुद्रा सुकतो आणि शेजारच्या अंड्यातल्या, तडा देऊन थांबलेल्या पिल्लांना गच्च आवळतो. निघालेली पिल्लं आत सुकू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस बिनअन्नपाण्याची राहू शकतात.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाका.

आता जात. नवखा माणूस आधी पिसांचा रंग बघतो, मी तो सगळ्यात शेवटी बघते. एकच रंग दहा जातींत असतो. माझा क्रम असा: तुरा, पाय, बोटं, कानाची पाळी, अंगाची ठेवण, आणि मग रंग.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी समोर आली की प्लायमाउथ रॉक म्हणून मोकळं होऊ नका. डोक्याला हात लावा. तुरा चपटा, खरबरीत आणि मागे टोक काढलेला असेल तर ती डॉमिनिक. एकेरी करवतीसारखा असेल तर पाय बघा: पिवळे आणि पट्टे स्वच्छ सरळ असतील तर प्लायमाउथ रॉक, पाय पांढरट गुलाबी आणि पट्टे धूसर असतील तर बहुधा कुक्कू मराँ, जिची अंडी चॉकलेटी असतात. तसंच पांढऱ्या अंगाचं आणि गळ्याला काळ्या पिसांची माळ असलेल्या कोंबडीचं. एकेरी तुरा, पांढरे पाय: ससेक्स. गुलाबी तुरा, पिवळे पाय: वायनडॉट. वाटाण्यांच्या तीन ओळींसारखा बसका तुरा (वाटाणा तुरा) आणि पायाच्या नळ्यांपासून बोटांपर्यंत पिसं: ब्रह्मा. चार हात लांबून तिघी सख्ख्या बहिणी वाटतात.

तुऱ्यावर माझा इतका भरवसा आहे कारण तो साध्या नियमाने उतरतो. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं ते कोंबड्यांवरच, आणि त्यात तुरे होते. गुलाबी आणि वाटाणा तुऱ्याच्या शुद्ध जोडीची पिल्लं अक्रोडासारखा गोळा घेऊन येतात. आणि गुलाबी तुरा एकेरीवर भारी पडतो, म्हणूनच माझ्या त्या पाच पिल्लांचा बाप पहिल्याच दिवशी कळला.

पायांच्या पिवळेपणाबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ दिवस अंडी देणाऱ्या कोंबडीचा पिवळा रंग बलकात उतरत जातो आणि पाय फिकट पांढरे पडतात. म्हणून जात ठरवायची तर तलंग, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेली तरुण कोंबडी, बघा.

बोटं मोजाच. बहुतेक जातींना चार. पाच असतील तर डॉर्किंग, फॅव्हरोल, हूदाँ, सुलतान किंवा सिल्की, नाहीतर त्यांचं रक्त. काळी कातडी दिसली की कडकनाथ म्हणणारे भेटतात, पण सिल्कीचीही कातडी काळीच. सिल्कीला पाच बोटं, केसाळ लोकरीसारखी पिसं आणि निळसर कानाची पाळी. कडकनाथला चार बोटं, नेहमीची गुळगुळीत पिसं, एकेरी गडद तुरा, आणि अंडं फिकट तपकिरी. काळं नाही. असील तर उभ्या चालीवरूनच कळते: ताठ मान, आखूड घट्ट पिसं, बसका वाटाणा तुरा आणि चोचीखालचे कल्ले जवळजवळ नाहीतच. उघड्या मानेवरून मात्र जात ठरवू नका, ते एकच प्रभावी जनुक आहे आणि कुठल्याही संकरात उतरतं.

कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी, हे बऱ्याचदा खरं ठरतं, पण नियम नव्हे. अरौकानाची अंडी निळी असतात. पिल्लं निघाल्यावर रिकामी कवचं फेकायच्या आधी आतून बघा. तपकिरी अंड्याचं कवच आतून पांढरं असतं, कारण तो रंग शेवटी वरून चढतो. निळ्याचा रंग आरपार असतो. हिरवं अंडं म्हणजे निळ्यावर तपकिरी, आतून बघितलं की निळं. माझ्या वहीत कवचाचा एकेक तुकडा चिकटवलेला आहे.

शुद्ध प्लायमाउथ रॉकच्या पिल्लांत नराच्या डोक्यावरचा ठिपका मोठा आणि पसरलेला, मादीचा लहान आणि नेटका, आणि मादीच्या पायांवर पुढून काळपट झाक. मोठेपणी नर जास्त पांढरट दिसतो, कारण त्याच्याकडे पट्ट्यांचं जनुक दोनदा असतं. इतर जातींत पहिल्या दिवशी नर-मादी सांगणं कठीण, सहा ते आठ आठवड्यांनी तुरा लाल व्हायला लागला की अंदाज येतो. जातीचा शेरा मीही आठ आठवड्यांआधी पेन्सिलीनेच लिहिते.

पाच-सहा महिन्यांनी तलंग पहिलं अंडं घालते आणि वहीतला शेवटचा रकाना भरतो: अंड्याचा रंग. ती सुरुवातीची अंडी लहान असतात, त्यांतून पिल्लंही लहान निघतात, म्हणून ती उबवायला ठेवत नाही. अंडं पन्नास ग्रॅमच्या वर गेलं, चार-पाच आठवडे तिथे टिकलं, आणि कोंबडा बदलून महिना झालेला असला, की त्याच्यावर पुढचा आकडा घालते.