आधी बादल्या मोजा, मग गिझर घ्या

"दादा, गिझर तापत नाहीये" असा फोन आला की मी आधी विचारतो, घरात माणसं किती, आणि पाणी बादलीत घेता की शॉवरखाली? लोकांना वाटतं, हा यायचं टाळतोय. पण पुण्याच्या धायरी-नऱ्हे पट्ट्यात इतकी वर्षं वायरिंग आणि प्लंबिंग केल्यावर माझं मत पक्कं झालंय. थंडीतल्या निम्म्या तक्रारींत गिझर धडधाकट असतो आणि घराचा हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब घरच्या घरी करता येतो, त्यासाठी मला बोलवायला नको.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी २० अंशांच्या आसपास असतं, कधी त्याहूनही खाली. अंगावर घ्यायला ४० अंश पुष्कळ झाले. २० लिटरची बादली २० वरून ४० वर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटला जरा कमी वीज. एक बादली, अर्धं युनिट. कंपनी कुठलीही असो, जाहिरातीत कुणीही नाचो, हा दर बदलत नाही. आता तुमच्या बिलावरचा युनिटचा भाव लावा आणि घरातल्या बादल्यांनी गुणा.

१५ लिटरचा गिझर ६० अंशांवर तापला आणि त्यात तेवढंच विसण घातलं, की कागदावर ३० लिटर पाणी होतं. हातात येतं पंचवीसेक, कारण गरम पाणी निघत असतानाच खालून गार पाणी टाकीत शिरत असतं. म्हणजे एक माणूस भरपेट आंघोळ करणार आणि दुसरा पाय धुणार. पुन्हा तापायला २००० वॉटला वीसेक मिनिटं. शॉवरला तर मिनिटाला ८-१० लिटर लागतात; तिसऱ्या मिनिटाला मुलगा आतून ओरडतो तो उगाच नाही.

मग लोक म्हणतात, मोठी टाकी लावून द्या. लावतो, पण एक गोष्ट सांगून. पाच माणसांच्या घराला सहा बादल्या धरल्या तर जवळजवळ तीन युनिटं झाली. २००० वॉटच्या कुठल्याही गिझरला, तो १५ चा असो की २५ चा, तेवढं काम करायला दीड तासाच्या आसपास लागणारच. मोठ्या टाकीनं वेळ वाचत नाही, आधीपासून तापवून ठेवायची सोय होते, एवढंच. म्हणून अशा घराला मी २५ लिटरचा सांगतो आणि बरोबर वेळापत्रक: सहाला बटण, पावणेसातला पहिली बादली, मध्ये कुणी चहा घेतो, कुणी डबा भरतो, आठच्या आत सगळे मोकळे. दोघांचंच घर असेल तर १५ चा भरपूर. खरेदी करताना आयएसआय मार्क आणि तारे बघा. तारे जास्त म्हणजे टाकीतली उष्णता कमी निसटते. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी ८ बार प्रेशरची आहे ना, ते आवर्जून विचारा. १० मीटर उंचीला १ बार असं प्रेशर वाढत जातं.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर स्वयंपाकघरात भांड्यांना झकास. आंघोळीला तो ३००० वॉटचा घेतलात तर २० अंश वाढवून मिनिटाला दोन लिटरच पाणी देतो. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. नळ मोठा सोडलात की पाणी कोमट. त्यात बिघाड काही नाही, त्याची ताकदच तेवढी.

आता गॅस गिझर. इथे मी जरा जास्त बोलतो, आणि गिऱ्हाईक कंटाळलं तरी बोलतो. खर्चाला तो वाईट नाही. एका बादलीला ४५-५० ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर नुसतं आंघोळीला वापरलं तर तीनशेच्या घरात बादल्या निघतात. पाणी लगेच मिळतं, लाइट गेली तरी चालतो. पण बाथरूमच्या आत तो मी लावत नाही. कितीही ओळखीचे असा, दुसरा माणूस बघा.

कारण असं की गॅस जळायला हवा लागते, आणि बंद बाथरूममध्ये ती भराभर संपते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, त्यामुळे लोकांची समजूत होते की वास नाही म्हणजे धोका नाही. हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि आतून कडी लावलेली असते. एका घरी गेलो तर बाथरूमच्या जाळीवर आजींनी दुधाच्या पिशव्या कापून चिकटवल्या होत्या. "अरे, वारा येतो रे भसाभसा." मी आधी त्या पिशव्या काढल्या, मग चहा घेतला, आणि गिझर काढून ड्राय बाल्कनीत बाहेरच्या कठड्याजवळ लावला. आत नुसता गरम पाण्याचा पाइप. गिझरची जागा तीच: उघड्यावर, आणि जिथून धूर कुठल्या खिडकीतून घरात वळणार नाही अशी.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसायला लागली, वरच्या बाजूला काजळी धरली, तर वापर थांबवा आणि बर्नर साफ करून घ्या. नुसती टिकटिक होते आणि पेटत नाही, तर पहिल्यांदा खालचे दोन सेल बदला. सेल नवे असूनही पेटत नाही आणि तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, तर टाकी डोक्यावरच असल्यानं प्रेशर कमी पडतंय; ठरावीक धार आल्याशिवाय तो पेटतच नाही. बिल्डिंगमध्ये पाइप गॅस आला म्हणून सिलिंडरवरचा गिझर तसाच जोडू नका, दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असतात. आणि कुणी आत बेशुद्ध पडलं तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा, आणि हॉस्पिटलमध्ये पहिलं वाक्य हे सांगा की गॅस गिझर चालू होता. नाहीतर चक्कर समजून वेळ जातो.

आमच्या भागातला खरा शत्रू मात्र पाणी. बोअर आणि टँकर. ताट धुऊन वाळत ठेवलं तरी त्यावर पांढरे ठिपके उमटतात, मग रोज तापणाऱ्या टाकीत काय होत असेल? असा गिझर खोलला की कॉइल ज्या भोकातून आत बसवतात त्यातून बाहेरच येत नाही, खर म्हणजे क्षारांचा थर धरून इतकी फुगलेली असते. हलवली की आत खडे वाजतात. तळाला चुनखडीचा चिखल, हातानं काढला तर मुठी भरून निघतो. कॉइलशेजारचा मॅग्नेशियमचा रॉड नवा असताना बोटाएवढा जाड असतो. टाकीच्या ऐवजी स्वतः झिजायचं हेच त्याचं काम. तो संपून आतली तार उरली की पुढची पाळी टाकीची. हा रॉड कुणी मागून घेत नाही, आणि टाकी फुटली की कंपनीला शिव्या.

बोअरच्या पाण्याला वर्षातून एकदा गिझर खोलून साफ करायलाच हवा, आणि तो दसऱ्याच्या आधी. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुमच्यासारखेच बाकीचेही फोन लावत असतात. हात चालत असेल तर स्वतः करा. एमसीबी, म्हणजे मीटरबोर्डावरचा त्या लाइनचा स्विच, पाडा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी गार होऊ द्या. गार पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कॉइल काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, वायरीचं टोक कोरडं राहील अशा बेतानं. सकाळी खर आपोआप सुटते. स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकून काढायला गेलात तर वरची नळी चिरते आणि शॉक पाण्यात उतरतो. रबरी वायसर प्रत्येक वेळी नवाच घाला. आणि सगळ्यात शेवटी, गरम नळ सोडून त्यातून सलग धार येईपर्यंत बटणाला हात लावू नका. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा स्विच, शेवटच्या टोकापर्यंत फिरवायची सवयही सोडा. ५५ ते ६० ठेवा. जितकं जास्त तापवाल तितकी खर जास्त, आणि ६० च्या पाण्यानंही कातडी पाचेक सेकंदांत चांगली भाजते.

गिझर तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून बरेच जण घाबरतात. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० ला गेलं की पाव लिटरच्या आतबाहेर जास्तीचं पाणी होतं, आणि मागे जायला वाट नसेल तर ते त्या व्हॉल्व्हमधून निघतं. निघू द्या. खाली डबा ठेवा किंवा बारीक पाइप लावून मोरीत सोडा. एका गृहस्थांनी तिथे एमसील भरलेलं मी पाहिलंय. थर्मोस्टॅट चिकटला असता तर त्या टाकीनं भिंत सोडली असती. गिझर बंद असतानाही धार चालूच राहत असेल, तरच व्हॉल्व्ह बदला.

वायरिंगचं थोडक्यात. मोठ्या पिनचा १६ अँपिअरचा पॉइंट, त्याची वेगळी लाइन, वेगळा एमसीबी. २००० वॉटला २.५ स्क्वेअर एमएमची वायर, ३००० ला ४ ची. एक्स्टेंशन बोर्ड नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेली दिसते आणि पुढे कुठेच जोडलेली नसते, ती तपासून घ्या. घराला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "थोडंसंच आहे" म्हणत आंघोळ उरकू नका. बादलीत सोडायच्या रॉडबद्दल एवढंच: पिन बोर्डातून काढल्याशिवाय पाण्यात बोट नाही, आणि घरात लहान मूल असेल तर तो रॉडच नको.

सोलरवाल्या सोसायट्यांचं दुखणं वेगळं. गच्चीवरच्या टाकीत पाणी कढत असतं आणि पहिल्या मजल्यावरचे काका गार पाण्याची बादली भरून ओतत असतात. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ०.३ लिटर पाणी मावतं. २० मीटरची लाइन म्हणजे रात्रभर गार झालेलं सहा लिटर पाणी आधी निघणारच. तेच विसणाला वापरा: रिकामी बादली लावून नळ सोडा, आधी गार, मागून गरम, बादलीतच कालवलं जातं. लाइनवर फोमचं आवरण चढवून घेतलं तर फरक पडतो. पावसाळ्यात ढग आठवडा आठवडा हटत नाहीत, तेव्हा साधा गिझर लागतोच. म्हणून सोलर आहे म्हणून बाथरूममधला पॉवर पॉइंट काढून टाकू नका. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांतही खर बसते. तिची सफाई सोसायटीच्या वार्षिक कामांत धरायला सांगा.

म्हाताऱ्या माणसांच्या आंघोळीचं मी माझ्या आईमुळे शिकलो. आधी गार पाणी बादलीत, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. साखरेच्या रुग्णांच्या पायांना अनेकदा चटका कळत नाही, त्यामुळे पाणी त्यांनी पायानं तपासायचं नाही, दुसऱ्यानं हातानं तपासायचं. बीपीची गोळी घेणाऱ्यांना कोंडलेल्या वाफेत घेरी येऊ शकते. झरोका उघडा ठेवा, बसायला पाट नको, उंच स्टूल द्या, कडी लावू देऊ नका. आईला पाणी कढत लागायचं आणि मग दिवसभर अंग खाजायचं. दोन अंश कमी केलं, आंघोळीनंतर ओलसर अंगावरच खोबरेल लावायला लागलो, तेव्हा थांबलं. अभ्यंगाच्या दिवशी मात्र तेल फरशीवर सांडतं, म्हणून एका माणसाची आंघोळ झाली की गरम पाणी आणि साबण मारून फरशी घासा, मगच दुसऱ्याला आत सोडा. उटण्याचा चोथा जाळीतून खाली जाऊ देऊ नका.

गिझर कधी टाकून द्यायचा हेही विचारतात. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह, सगळं बदलता येतं आणि नव्याच्या मानानं स्वस्तात होतं. टाकीच पाझरायला लागली, बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून गंजाचं पाणी उतरलं, तर त्यावर पैसे घालू नका. फक्त भंगारवाल्याला देण्याआधी आत बघून घ्या. जुन्या गिझरांत टाकी तांब्याची निघते, आणि तांब्याचा भाव लोखंडात धरायला तो टपलेलाच असतो.