गेमचं परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

परीक्षणात ‘हा गेम नुसता नशिबावर चालतो’ असं वाक्य दिसलं की मी आधी विचारतो, नियमावली शेवटपर्यंत वाचलीस का? उत्तर ठरलेलं: "यूट्यूबवर बघितलं ना दादा."

जुळे सोलापुरातल्या एका पोरानं ‘ट्वायलाइट स्ट्रगल’वर लिहून आणलं होतं. २००५ साली आलेला शीतयुद्धाचा बोर्ड गेम, पत्ते टाकून खेळायचा, एक जण अमेरिका, दुसरा सोव्हिएत. याचं म्हणणं, गेम तिसऱ्या फेरीत मधेच संपला, कारण काहीच नाही, सगळं नशीब, दहापैकी चार गुण. म्हटलं, पट मांड आणि शेवटची चाल दाखव. डेफकॉनची, म्हणजे अणुयुद्ध किती जवळ आलंय ते दाखवणारी, सोंगटी २ वर होती. हा सोव्हिएत, आणि यानं ३ ऑपरेशन्स, म्हणजे चालीसाठीचे गुण, मिळतात म्हणून ‘डक अँड कव्हर’ हा पत्ता टाकलेला. पत्ता अमेरिकेचा. समोरच्याचा पत्ता ऑपरेशन्ससाठी टाकला तरी त्यावरची घटना घडतेच, आणि ही घटना डेफकॉन एकानं उतरवते. डेफकॉन १ म्हणजे अणुयुद्ध, आणि ज्याची चाल चालू असेल तो हरला.

"म्हणजे मीच बाँब टाकला की काय बे?"

हो, तूच. असा पत्ता कधी टाकायचा, कधी हातात दाबून ठेवायचा, कधी घटना न घडवता स्पेस रेसमध्ये (अंतराळ शर्यतीत) खपवायचा, गेमची सगळी गंमत यातच आहे. यानं नेमकं त्यालाच नशीब म्हटलं होतं. मी नियमावली दोनदा वाचतो, पहिल्या डावाआधी आणि लगेच नंतर. दुसऱ्या वाचनात हटकून काहीतरी सापडतं. कंटाळा येतो, येऊ दे. ज्याला तेवढा दम नाही त्यानं परीक्षण लिहायची घाई करू नये.

दुसरा राग एकाच बाजूनं खेळून ‘समतोल नाही’ म्हणणाऱ्यांचा. ‘मेमॉयर ’४४’ या दुसऱ्या महायुद्धाच्या बोर्ड गेममधल्या लढाया मुळातच असमान आहेत. म्हणून तर नियमावलीच सांगते की बाजू बदलून पुन्हा खेळा आणि दोन्ही डावांच्या पदकांची बेरीज करून निकाल लावा. खुर्च्या बदलायला किती वेळ लागतो? मी तर मुद्दाम हरणारी बाजू आधी घेतो.

‘सिव्हिलायझेशन ६’ हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम एका रात्रीत पन्नास टर्न खेळून ‘मास्टरपीस’ ठरवू नका. नेहमीच्या वेगानं तो ५०० टर्नपर्यंत जातो, आणि रटाळ होतो तो उत्तरार्धात. पहिली शहरं वसवताना सगळ्यांनाच मजा येते.

‘ओब्रा डिन’सारख्या कोडं सोडवायच्या कॉम्प्युटर गेमचे स्क्रीनशॉट जपून टाका. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं हे शोधणं हाच गेम. एका फोटोनं वाचणाऱ्याचा एक तास बुडतो.

खोक्यावरची वेळ उतरवू नका, घड्याळ लावा. नवख्यांबरोबर दुप्पट धरा.

बोर्ड गेमचे काउंटर (पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या) हलके आहेत ही तक्रार मे महिन्यात लिहू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा पाचवर असतो, अर्धा इंच रुंदीचा पुठ्ठा उडणारच. नकाशावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट टाका आणि टेबल पंख्याखालून सरकवा.

आणि दहापैकी किती, ते सगळं लिहून झाल्यावर ठरवा. मी आकडा देतच नाही. दिला की लोक वरचं काही वाचत नाहीत.