'नो डिस्क' दिसलं की आधी भिंगाचं डोलणं बघा

सीडी प्लेयरवर 'नो डिस्क' आलं की 'लेन्स गेली' म्हणून अख्खा पिकअप (लेझर, भिंग असलेला वाचणारा भाग) बदलायची घाई होते. त्याआधी भिंग काय करतंय ते बघावं, निम्मं निदान तिथेच होतं.

चकतीवरचे खड्डे जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद. त्यांवर ७८० नॅनोमीटरच्या लेझरचा ठिपका बारीक पडायला हवा. अंतर दोनेक मायक्रॉननं चुकलं की तो पसरतो. चकती मात्र फिरताना अर्धा मिलिमीटरही वर-खाली होते. आतल्या भागात मिनिटाला सुमारे ५०० फेरे, म्हणजे सेकंदाला आठ हेलकावे, आणि प्रत्येकाबरोबर भिंगानंही हलायचं.

त्यासाठी भिंग लवचीक तारांवर टांगलेलं असतं. सोबत कॉइल, शेजारी चुंबक. स्पीकरचंच तंत्र. परतलेला उजेड दंडगोल भिंगातून चार तुकड्यांच्या फोटोडायोडवर (उजेड ओळखणाऱ्या भागावर) पडतो. अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल. चकती जवळ आली की तो एका कर्णावर लांबट होतो, दूर गेली की दुसऱ्या. समोरासमोरच्या तुकड्यांच्या दोन बेरजा करून वजाबाकी केली की चूक आणि तिची दिशा दोन्ही कळतात, आणि त्याप्रमाणे कॉइलमधला करंट बदलतो. पण हा हिशोब फोकसच्या अगदी जवळच चालतो. म्हणून सुरुवातीला प्लेयर भिंग दोन-तीनदा वर-खाली करून फोकस शोधतो.

हेच डोलणं बघायचं. वरचं कव्हर काढा, ट्रे रिकामा बंद करा आणि तिरकस, हातभर लांबून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळा भिंगावर नेऊ नका. हा लेझर जवळपास अदृश्य असतो, पण डोळ्याला इजा करतो.

भिंग हललंच नाही तर प्लग काढून मीटरनं फोकस कॉइल तपासा. ती काही ओहमच दाखवते; ओपन (तुटलेली) असेल तर पिकअपच बदला. कॉइल ठीक असेल तर पट्टी केबल आणि कॉइलला करंट देणारा ड्रायव्हर आयसी तपासा. भिंग हलतं पण अंधुक लाल ठिपका कुठूनच दिसत नाही? मग लेझर डायोड किंवा त्याचा सप्लाय. दोन्ही आहे, तरी सीडी घातल्यावर फिरत नाही: बहुतेक भिंग मळलंय.

सोलापुरात हे शेवटचंच फार. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या आसपास सुताचे तंतू घरात येतात, भिंगावर बसतात. उजेड जाताना आणि येताना दोनदा त्यातून जातो, त्यामुळे नुकसानही दुप्पट. आधी हातातल्या रबरी ब्लोअरनं फुंका. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. तेल-पाणी उडतं, वर तारा वाकतात. मग कानकाडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून, न दाबता, मधून बाहेर गोल फिरवा. थिनर लावलात तर प्लास्टिकचं भिंग कायमचं पांढरं पडेल.

पहिलं गाणं वाजतं, शेवटची अडखळतात? मग सीडी काचेवर ठेवून बघा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली सीडी वाकते. वाचन आतून बाहेर होतं आणि डोलणं काठाला सर्वात जास्त.

पिकअपवरचा, लेझरचा करंट ठरवणारा छोटा प्रीसेट फिरवायचा मोह आवरा. करंट वाढला की चार दिवस छान वाजतं, मग डायोड जळतो. नवा पिकअप बसवताना, त्यावर स्थिर विजेपासून बचावाचा सोल्डरचा ठिपका असला, तर केबल जोडल्यावरच तो काढा. तो राहिला तर लेझर पेटत नाही, आणि नवा भाग विनाकारण खराब ठरवून परत दिला जातो.