डीएसएलआरचा हँड स्ट्रॅप वापरताना या चुका टाळा

हँड स्ट्रॅप, म्हणजे हाताच्या पाठीवरून जाणारा पट्टा, कॅमेऱ्याला दोनच ठिकाणी धरलेला असतो: वर उजव्या बाजूच्या कडीत आणि खाली ट्रायपॉडच्या स्क्रूने बसवलेल्या पट्टीत. वरच्या टोकाची तक्रार सहसा येत नाही. बहुतेक अडचणी खालच्या टोकापासून सुरू होतात.

कॅमेरा उचलताना दर वेळी खालच्या पट्टीवर एका बाजूने ताण येतो, आणि तो दिवसभर येत राहिला की स्क्रू कणाकणाने सैल होतो. पट्टी मूळ जागेवरून पुढे किंवा मागे सरकलेली दिसली, तर हँड स्ट्रॅपला दोष न देता आधी स्क्रू तपासावा. तो बोटाने नव्हे, तर नाण्याने किंवा योग्य पेचकसाने घट्ट करावा. मात्र तो सॉकेटमध्ये पूर्ण बसल्यावरही जोर लावत राहिल्यास कॅमेऱ्याचा तळ दुखावतो. रबराचे अस्तर असलेली पट्टी कमी फिरते. स्क्रू पक्का राहावा म्हणून त्यावर गोंद लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. घेतानाच आणखी एक गोष्ट पाहावी: पट्टी बॅटरीच्या झाकणावर येत असेल, तर दर वेळी बॅटरी बदलण्यासाठी स्क्रू सोडावा लागेल, आणि घाईत परत लावलेला स्क्रू अर्धवटच बसतो. कॅननच्या अनेक बॅटरी ग्रिपना (कॅमेऱ्याच्या तळाला जोडायच्या, जादा बॅटरीच्या मुठींना) खालच्या कोपऱ्यात पट्ट्यासाठी वेगळी जागा असते; ती असल्यास पट्टीची गरजच उरत नाही. वारंवार ट्रायपॉड वापरणाऱ्यांनी ट्रायपॉडच्या हेडमध्ये थेट बसणारी आणि कडेला पट्ट्यासाठी खाच असलेली प्लेट घ्यावी.

दुसरी चूक मापाची. हँड स्ट्रॅप हाताच्या पाठीवर बसवून बोटे सोडली, तरी कॅमेरा तळहाताला टेकलेला राहिला पाहिजे, आणि त्याच वेळी तर्जनी शटर बटणापर्यंत व अंगठा मागच्या बटणांपर्यंत सहज पोहोचला पाहिजे. तर्जनी आखडत असेल तर पट्ट्याची गादी बोटांच्या सांध्यांवर चढली आहे असे समजून वरचे टोक थोडे सैल व खालचे घट्ट करावे. बोटांना मुंग्या येत असल्यास पट्टा घट्ट झालेला आहे. निफाडच्या थंडीत हातमोजे घालून नांदूर मध्यमेश्वरला पहाटे पक्षी टिपणाऱ्यांनी तर हातमोज्यांसह माप घ्यावे, आणि ऊन चढून हातमोजे निघाले की ते पुन्हा घ्यावे, कारण तोच पट्टा तेव्हा ढिला पडतो.

हँड स्ट्रॅप बांधला म्हणून डावा हात मोकळा झाला, हा समज सर्वांत महाग पडतो. निकॉन डी८५० बॅटरी व कार्डासह सुमारे १,००५ ग्रॅमचा, तर त्यावर लावली जाणारी ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स सुमारे १.४ किलोची असते. हे सगळे वजन एका मनगटावर पेलणे शक्य नसते, आणि लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या माउंटवरही अकारण ताण येतो. डावा हात लेन्सखालीच हवा.

जिथे दोन्ही हात लागतात, तिथे हँड स्ट्रॅप एकटा उपयोगाचा नाही. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढताना खोबण्या धरण्यासाठी हात मोकळे लागतात. कॅमेरा बॅगेत बंद करावा, हेच बरे. कुंभमेळ्याच्या पर्वणीला नाशिकच्या रामकुंडावर गर्दीत लेन्स बदलायची वेळ आली की हात पट्ट्यातून निघतो आणि कॅमेऱ्याला कोणताही आधार उरत नाही. अशा ठिकाणी डाव्या बाजूच्या कडीपासून खालच्या पट्टीच्या खाचेपर्यंत एक बारीक पट्टा तिरका अंगावर घ्यावा. उजव्या कडीत दोन पट्टे कोंबल्यास मेमरी कार्डचे झाकण उघडणे अवघड होते.

घाम व पावसाने भिजलेला चामडी पट्टा तसाच बॅगेत ठेवल्यास त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीला लेन्सजवळ जागा देणे शहाणपणाचे नाही. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) फोटो काढून आल्यावर पट्टा कॅमेऱ्यावरून उतरवून ओल्या फडक्याने पुसावा, सावलीत वाळवावा आणि बकलजवळची शिवण उसवली आहे का, हे तेव्हाच पाहून घ्यावे.